पाळी चुकली की आधी टीएसएच: प्रेग्नन्सीच्या पहिल्या आठवड्यांत थायरॉईड कसं सांभाळायचं

माझी पहिली प्रेग्नन्सी दहाव्या आठवड्यात गेली. तेव्हा मी थायरॉईड कमी पडतं म्हणून चार वर्षांपासून ५० ची (मायक्रोग्रॅम) गोळी घेत होते, बाटली बाथरूमच्या कपाटात टूथब्रशच्या शेजारी असायची आणि सकाळी डोळे चोळत एक गोळी तोंडात टाकणं एवढाच माझा आणि थायरॉईडचा संबंध होता. घरच्या टेस्टवर दोन रेघा आल्या तेव्हा पाचवा आठवडा चालू होता. घरात पद्धत अशी की तीन महिने कोणाला सांगायचं नाही, डॉक्टरकडेही जरा थांबून जाऊ, एवढी काय घाई, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं आणि मलाही ते पटलं. नवव्या आठवड्यात पहिल्यांदा गेले. टीएसएच ११.४ आला, म्हणजे खूपच जास्त. टीएसएच हे थायरॉईड ग्रंथीला "काम कर" असं सांगणारं हार्मोन, थायरॉईड कमी पडलं की ते वाढतं. गोळी लगेच वाढवली, पण पुढच्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके नव्हते.

मी डॉक्टरांना विचारलं, थायरॉईडमुळेच झालं का हो? त्या म्हणाल्या, खरं सांगू का, ते आता कोणीच सांगू शकणार नाही, पहिल्या तीन महिन्यांतल्या मिसकॅरेजपैकी निम्मी तरी गर्भाच्या क्रोमोसोममध्येच गडबड असल्यामुळे होतात आणि त्यात आईने काही केलं किंवा नाही केलं याने फरक पडत नाही. पण हा रिपोर्ट चार आठवडे आधी हातात यायला हवा होता, एवढं मात्र नक्की.

हे चार आठवडे तुमचे वाया जाऊ नयेत म्हणून हे सगळं लिहितेय. मी डॉक्टर नाही, डोस तुमचे डॉक्टरच ठरवणार, पण कधी काय विचारायचं आणि काय मागून घ्यायचं हे आपल्याला माहीत असलं पाहिजे.

आधी समजून घ्या, घाई कशाची आहे

बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी साधारण १० ते १२ व्या आठवड्यात आयोडीन ओढायला लागते, आणि बाळाला पुरेल इतकं हार्मोन तयार व्हायला १८-२० आठवडे उजाडतात. तोपर्यंत मेंदूच्या वाढीसाठी लागणारं टी-फोर (म्हणजे थायरॉक्सिन, थायरॉईडचं मुख्य हार्मोन, आपल्या गोळीतही तेच असतं) सगळं आईकडूनच जातं. म्हणजे ज्या दिवसांत आपण कोणाला सांगितलेलंही नसतं, नेमके त्याच दिवसांत बाळ शंभर टक्के आपल्या थायरॉईडवर असतं.

त्यात आईच्या अंगातही दोन गोष्टी होतात. इस्ट्रोजेन वाढलं की रक्तातलं हार्मोन पकडून ठेवणारं प्रोटीन वाढतं, त्यामुळे ग्रंथीला जवळपास दीडपट हार्मोन बनवावं लागतं. आणि आपल्या घरच्या टेस्टमध्ये रेघ आणणारं जे एचसीजी असतं, त्याची रचना टीएसएचशी मिळतीजुळती असल्यामुळे तेही ग्रंथीला कामाला लावतं. ग्रंथी चांगली असेल तर ती काम वाढवते आणि टीएसएच थोडा खालीच येतो. पण ग्रंथी थकलेली असेल, ऑपरेशनने काढलेली असेल किंवा आपण गोळीवर असू, तर ती बिचारी वाढवणार कुठून? मग गोळीच वाढवायला लागते. बॉस्टनच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये गोळीवर असलेल्या १९ बायकांच्या २० प्रेग्नन्सी अगदी सुरुवातीपासून तपासल्या होत्या, त्यात १७ वेळा डोस वाढवावा लागला, पहिल्या अर्ध्या काळात सरासरी ४७ टक्क्यांनी, आणि काहींना तर पाचव्या आठवड्यापासूनच.

आपल्याकडे १२ आठवड्यांच्या आत नाव नोंदवलं की वेळेत नोंदवलं असं धरतात. बाकी गोष्टींसाठी ते ठीक आहे. पण गोळीवर असलेल्या बाईसाठी बारावा आठवडा म्हणजे उशीरच.

पायरी १: दिवस राहण्याच्या आधी

मूल हवंय असं ठरलं की लगेच टीएसएच करून घ्या, खासकरून यातलं काही तुमच्या बाबतीत असेल तर: आधीपासून थायरॉईडची गोळी चालू आहे, गळ्याला सूज आहे किंवा मानेला रेडिएशन झालंय, आई-बहिणीला थायरॉईड आहे, टाईप १ डायबिटीस आहे, आधी मिसकॅरेज किंवा वेळेआधी डिलिव्हरी झालीय, बरेच महिने प्रयत्न करूनही दिवस राहत नाहीयेत, वय तिशीच्या पुढे आहे, वजन खूप जास्त आहे, किंवा लिथियम, अमिओडॅरोनसारखी औषधं चालू आहेत. आता तुम्हीच बघा, या यादीत न बसणाऱ्या बायका किती उरतात. केंद्र सरकारच्या २०१४ च्या गाईडलाईनमध्ये सगळ्यांची नाही तर अशा जोखमीच्या बायकांचीच तपासणी करा असं म्हटलंय, पण माझं मत विचाराल तर टेस्ट काही शे रुपयांत होते, एका ट्यूबभर रक्तात होते, करूनच टाका.

गोळीवर असाल तर प्लॅनिंगच्या काळात टीएसएच २.५ च्या खाली आणून ठेवायचा. डोस बदलला की टीएसएच बसायला ४ ते ६ आठवडे लागतात, म्हणून हे आधी करायचं, पाळी चुकल्यावर धावपळ करून होत नाही.

याच व्हिजिटमध्ये डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: "माझी टेस्ट पॉझिटिव्ह आली तर त्याच दिवसापासून गोळी किती घेऊ?" आणि उत्तर प्रिस्क्रिप्शनवर लिहून घ्या. तोंडी नको, कारण त्या दिवशी डोकं ठिकाणावर नसतं. मला पहिल्या वेळी हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं, मला माहीतच नव्हतं की दिवस राहिले की डोस वाढतो.

पायरी २: दोन रेघा आल्या त्याच दिवशी

यात दोनच कामं आहेत आणि दोन्ही त्याच आठवड्यात व्हायला हवीत.

पहिलं, टीएसएच आणि फ्री टी-फोर (रक्तात मोकळं असलेलं टी-फोर) यांच्यासाठी रक्त द्यायचं. उपाशी असायची गरज नाही, फक्त त्या दिवशीची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्या, नाहीतर फ्री टी-फोर उगाच जास्त दिसू शकतो. केस आणि नखांसाठीच्या गोळ्या घेत असाल तर त्यात बायोटिन असतं, त्याने काही लॅबच्या मशीनवर टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त येतो, म्हणून त्या दोन-तीन दिवस आधी बंद करा आणि लॅबवाल्यांना सांगा. प्रेग्नंट आहात, कितवा आठवडा आहे, हेही फॉर्मवर लिहायला लावा.

दुसरं, आधीपासून गोळी चालू असेल तर वाढीव डोस सुरू करायचा. जगभरात जी पद्धत सर्रास वापरतात ती सोपी आहे, रोज एक म्हणजे आठवड्याला सात गोळ्या घेत असाल तर आता नऊ घ्यायच्या, म्हणजे आठवड्यातले कुठलेही दोन दिवस, सलग नको, डबल. माझ्या दुसऱ्या वेळी बुधवार आणि शनिवार होते, कॅलेंडरवर त्या चौकटींत लाल पेनाने २ लिहून ठेवले होते, पूर्ण नऊ महिन्यांचे, पान उलटलं की आकडा समोर. पण हे डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं असेल तरच. सांगितलं नसेल तर त्याच दिवशी फोन करा, अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, आणि फोनवर पहिलंच वाक्य "मी थायरॉईडच्या गोळीवर आहे आणि टेस्ट पॉझिटिव्ह आलीय" असं ठेवा. रिसेप्शनवर "टेस्ट पॉझिटिव्ह आलीय" एवढंच सांगितलं तर तीन आठवड्यांनंतरची तारीख देतात.

गोळी स्वतःच्या मनाने बंद मात्र कधीच करू नका. "प्रेग्नन्सीत कसल्याच गोळ्या नकोत" हे वाक्य तुम्हाला कोणीतरी प्रेमाने ऐकवणारच आहे. थायरॉक्सिन हे आपल्याच शरीरातलं हार्मोन आहे, बाळाला तेच हवंय. फक्त टी-थ्री (थायरॉईडचं दुसरं हार्मोन) असलेल्या किंवा प्राण्याच्या ग्रंथीपासून बनवलेल्या गोळ्या परदेशातून मागवून कोणी घेत असेल तर मात्र डॉक्टरांना लगेच सांगून साध्या थायरॉक्सिनवर या, कारण बाळाच्या मेंदूला आईचं टी-फोरच लागतं.

आणि तीन महिने कोणाला सांगायचं नाही याबद्दल. नका सांगू ना, शेजारी, नातेवाईक, ऑफिस, कोणालाच नका सांगू, ती भावना मी समजू शकते. पण डॉक्टर आणि लॅब त्या "कोणाला" मध्ये धरू नका.

पायरी ३: रिपोर्ट वाचताना

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा सावकाश सांगते. रिपोर्टवर टीएसएचच्या शेजारी जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती बहुतेक वेळा साध्या, प्रेग्नंट नसलेल्या माणसांची असते. त्यामुळे ४.८ आला तरी आकडा ठळक होत नाही, बाण येत नाही, आणि घरी येऊन आपण म्हणतो नॉर्मल आहे. युनिटमध्येही घाबरायचं नाही, एका लॅबमध्ये मिली युनिट पर लिटर आणि दुसरीकडे मायक्रो युनिट पर मिलिलिटर लिहितात, आकडा तोच असतो.

मग कुठला आकडा धरायचा? २०११ मध्ये अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने पहिल्या तीन महिन्यांसाठी २.५ ही वरची मर्यादा सांगितली, आपल्याकडच्या २०१४ च्या सरकारी गाईडलाईनमध्येही २.५ च आहे. नंतर वेगवेगळ्या देशांतल्या निरोगी गरोदर बायकांचे आकडे बघितल्यावर लक्षात आलं की २.५ फार कडक होतंय, दिल्लीच्या बायकांवरचा २००८ चा अभ्यास आहे त्यात तर पहिल्या तिमाहीत निरोगी बायकांचाही टीएसएच ५ पर्यंत दिसला होता. म्हणून २०१७ मध्ये त्याच असोसिएशनने, आपल्या भागाची रेंज माहीत नसेल तर ४ ही मर्यादा धरा असं बदललं. त्यामुळे तुमच्या डॉक्टर २.५ म्हणतात आणि नणंदेच्या ४ म्हणतात, तर कोणी चुकतंय असं नाही, दोघी वेगवेगळ्या गाईडलाईनवर आहेत.

ढोबळमानाने असं बघतात. टीएसएच १० च्या वर, किंवा टीएसएच वाढलेला आणि फ्री टी-फोर कमी, तर गोळी सुरू करायचीच, यात दुमत नाही, लगेच त्याच दिवशी. ४ ते १० च्या मध्ये असेल तर टीपीओ अँटीबॉडी (ही रक्ताचीच एक तपासणी, पायरी ४ मध्ये सांगितलीय) बघतात, पॉझिटिव्ह असतील तर गोळी देतात, निगेटिव्ह असतील तरी बरेच डॉक्टर देतात. २.५ ते ४ मध्ये आणि अँटीबॉडी निगेटिव्ह असेल तर २०१७ च्या सल्ल्याप्रमाणे गोळीची गरज नाही. आणि जी बाई आधीपासूनच गोळीवर आहे तिच्यासाठी हिशोब वेगळा, तिचा टीएसएच २.५ च्या खालीच ठेवायचा प्रयत्न करतात.

मिसकॅरेजचा धोका टीएसएच जसा वर जातो तसा वाढत जातो, हे अनेक ठिकाणी दिसलंय. पण सौम्य वाढ असेल तर गोळीने तो कितपत कमी होतो? अमेरिकेत ५ हजारांहून जास्त बायकांचे रेकॉर्ड तपासून २०१७ मध्ये जे छापून आलं त्यात टीएसएच ४.१ ते १० असलेल्यांमध्ये गोळी घेतलेल्यांची मिसकॅरेज कमी दिसली, २.५ ते ४ वाल्यांमध्ये फरक दिसला नाही, आणि गोळी घेतलेल्यांमध्ये वेळेआधी डिलिव्हरी, प्रेग्नन्सीतली शुगर, बीपी या तक्रारी थोड्या जास्त दिसल्या. म्हणून ३.१ आला आणि डॉक्टर "गोळी नको, चार आठवड्यांनी परत बघू" म्हणाल्या तर त्या दुर्लक्ष करत नाहीयेत. दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन गोळी लिहून घ्यायची गरज नाही.

पायरी ४: टीपीओ पॉझिटिव्ह आलं तर

हा कागद हातात आला की बायका रात्र रात्र मोबाईलवर वाचत बसतात, मीही बसले होते. टीपीओ अँटीबॉडी म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉईडवर हल्ला करतेय याची खूण. टीएसएच नॉर्मल असतानाही या अँटीबॉडी असू शकतात. १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा दाखवलं की थायरॉईडच्या अँटीबॉडी असलेल्या बायकांमध्ये मिसकॅरेज १७ टक्के आणि नसलेल्यांमध्ये ८.४ टक्के. म्हणजे दुप्पट. नंतरच्या बऱ्याच अभ्यासांतही हा संबंध दिसतच राहिला.

मग साहजिकच वाटतं, गोळी घेतली की झालं. २००६ मध्ये इटलीत एक छोटा अभ्यास झाला त्यात खरंच तसं दिसलं होतं, गोळी घेतलेल्यांमध्ये मिसकॅरेज ३.५ टक्के आणि न घेतलेल्यांमध्ये १३.८ टक्के. त्यावरून खूप जणींना नॉर्मल टीएसएच असताना गोळ्या दिल्या गेल्या. पण मग मोठ्या आणि जास्त काटेकोर चाचण्या झाल्या. चीनमध्ये २०१७ साली टेस्ट ट्यूब बेबी करणाऱ्या ६०० बायका घेतल्या, मिसकॅरेज गोळीवाल्यांत १०.३ आणि बाकीच्यांत १०.६ टक्के. ब्रिटनमध्ये २०१९ साली आधी मिसकॅरेज झालेल्या किंवा मूल होत नसलेल्या ९५२ बायका, सगळ्या टीपीओ पॉझिटिव्ह, टीएसएच नॉर्मल, निम्म्यांना दिवस राहण्याच्या आधीपासून ५० ची गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. जिवंत बाळ हाती आलं ते ३७.४ आणि ३७.९ टक्के बायकांना. काहीच फरक नाही. २०२२ मध्ये वारंवार मिसकॅरेज झालेल्या बायकांवरही असंच निघालं.

हे वाचून मला सुरुवातीला वाईटच वाटलं होतं, कारण करण्यासारखं काहीतरी हातात असावं असं वाटतं. पण त्याची दुसरी बाजूही आहे. टीएसएच नॉर्मल होता, टीपीओ पॉझिटिव्ह होतं, गोळी घेतली नाही आणि मिसकॅरेज झालं, अशी कोणी मैत्रीण असेल तर तिला हे आकडे सांगा. गोळी घेतली असती तरी वेगळं झालं नसतं, ती कुठेही कमी पडली नाही.

टीपीओ पॉझिटिव्ह असेल तर करायचं काय? लक्ष ठेवायचं. ग्रंथी आधीच अर्धी जखमी असते, प्रेग्नन्सीचा ताण आला की टीएसएच नॉर्मलवरून वर जाऊ शकतो. म्हणून टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून अर्ध्या काळापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच, आणि तो ४ च्या वर गेला की गोळी. अँटीबॉडीचा आकडा ३०० वरून २०० वर आला का हे पुन्हा पुन्हा तपासत बसायची गरज नाही, त्यावर पैसे घालवू नका.

पायरी ५: गोळी घ्यायची कशी

डोस बरोबर असून टीएसएच खाली येत नाही याचं कारण निम्म्या वेळा तरी आपल्या स्वयंपाकघरात सापडतं असं माझं आता ठाम मत झालंय.

गोळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास, जमलं तर तास, काही नाही. काही नाही म्हणजे चहासुद्धा नाही. आपल्याकडे सकाळ चहाशिवाय उजाडत नाही, माझी तर पहिल्या चार वर्षांत गोळी आणि चहा यांत पाच मिनिटांचं अंतर असायचं, कधी गोळी चहाबरोबरच जायची. दूध घातलेला चहा, कॉफी, दोन्हीने गोळी नीट शोषली जात नाही. दुसऱ्या वेळी मी पहाटे साडेपाचचा गजर लावला, उशाशी पाण्याचा तांब्या आणि छोट्या डबीत फक्त त्या दिवसाची गोळी, घ्यायची आणि परत झोपायचं. सहा-साडेसहाला उठून निवांत चहा. एवढ्या एका बदलाने महिन्याभरात आकडा हलला.

लोहाची आणि कॅल्शियमची गोळी थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब. हे फार महत्त्वाचं, कारण चौथ्या महिन्यापासून या दोन्ही सगळ्यांनाच देतात, आशाताई घरी आणून देतात, आणि बायका सगळ्या गोळ्या एकदमच घेऊन मोकळ्या होतात. थायरॉईड पहाटे, कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर, लोह संध्याकाळी मधल्या वेळेत, म्हणजे लोह आणि कॅल्शियमही एकत्र येत नाही. नुसतं फॉलिक अॅसिड असेल तर अडचण नाही, पण मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीत लोह-कॅल्शियम आहे का हे पाकिटावर वाचा. अॅसिडिटीच्या गोळ्या, पातळ अँटासिड, सोयाचे पदार्थ, यांनीही गडबड होते.

उलट्या होत असतील तर? सकाळी तोंडात पाणीही ठरत नसेल तर गोळी रात्री झोपताना घ्यायला डॉक्टर परवानगी देतात, फक्त जेवून तीन तास झालेले हवेत. गोळी घेतली आणि लगेच, दहा-पंधरा मिनिटांत उलटी झाली तर पुन्हा घ्यायची का हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. एखाद्या दिवसाने काही बिघडत नाही, हे हार्मोन रक्तात बरेच दिवस टिकतं, पण रोजच उलटीत जात असेल तर सांगायलाच हवं.

गोळ्या बाथरूममध्ये ठेवू नका. ओलावा, ऊन आणि गॅसजवळची उष्णता यांनी त्यांची ताकद कमी होते. झाकण घट्ट लावा आणि बाटलीतली ओलावा शोषणारी पुडी टाकून देऊ नका. एक कंपनी चालू असेल तर मधेच बदलू नका, मेडिकलवाल्याने दुसरी दिली आणि घ्यायलाच लागली तर डॉक्टरांना सांगून चार-सहा आठवड्यांनी टीएसएच करा. बाटलीवरचा आकडा प्रत्येक वेळी वाचा, २५ आणि १२५ गडबडीत सारखे वाटतात. माहेरी जाताना बाटली पर्समध्ये, बॅगेत नाही.

मिठाबद्दल थोडं

प्रेग्नन्सीत रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला २००६ पासून बंदी आहे, त्यामुळे साधं पुड्यातलं आयोडीनयुक्त मीठ, दूध, दही, अंडी, मासे खात असाल तर बऱ्यापैकी भागतं. घोळ होतो तो सैंधव मिठाने. आधी ते फक्त उपवासाला असायचं, आता "नैसर्गिक" म्हणून बऱ्याच घरांत रोजच्या भाजी-आमटीतही तेच, आणि त्यात सहसा आयोडीन घातलेलं नसतं. एकादशी-चतुर्थीपुरतं ठीक, पण हे नऊ महिने रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनचंच मीठ, बंद बरणीत ठेवलेलं. समुद्री शेवाळाच्या गोळ्या मात्र अजिबात नको, त्यात आयोडीन बेसुमार असतं आणि जास्तीनेही ग्रंथी बिघडते. कोबी-फ्लॉवर शिजवून खाल्ले तर काहीही होत नाही, उगाच ताटातून भाज्या काढू नका.

पायरी ६: दर चार आठवड्यांनी

गोळीवर असाल तर टीएसएच दर चार आठवड्यांनी, विसाव्या आठवड्याच्या आसपास पर्यंत, आणि मग तिसाव्या आठवड्याजवळ एकदा तरी. मी एका वहीत चार रकाने केले होते: तारीख, कितवा आठवडा, टीएसएच, डोस. सहाव्या आठवड्यात ३.९, दहाव्यात २.१, चौदाव्यात २.८ आणि डोस पुन्हा थोडा वाढवला, अठराव्यात १.७. डॉक्टरांनी ती वही बघितली की दोन मिनिटांत काम व्हायचं. शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, दोन लॅबच्या आकड्यांत थोडा फरक येतोच.

टीएसएच खूप कमी आला तर

घाबरून जाऊ नका. आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या दरम्यान एचसीजी सगळ्यात जास्त असतं तेव्हा टीएसएच ०.१ च्या खालीही जाऊ शकतो, विशेषतः जुळी असतील किंवा उलट्या फार असतील तर, आणि बहुतेक वेळा तो आपोआप सावरतो. पण छातीत सतत धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं, डोळे पुढे आल्यासारखे दिसणं किंवा गळ्याला गाठ, असं काही असेल तर ग्रेव्हज नावाचा, थायरॉईड जास्त चालण्याचा आजार आहे का ते बघावं लागतं, कारण उपचार न केलेला हायपरथायरॉईडही (म्हणजे जास्त चालणारा थायरॉईडही) मिसकॅरेजचा धोका वाढवतो. ज्या आधीपासून कार्बिमॅझोल (जास्त चालणारा थायरॉईड आटोक्यात ठेवणारं औषध) घेतायत त्यांनी तर टेस्ट पॉझिटिव्ह आल्याच्या दिवशीच डॉक्टरांशी बोलायलाच हवं, सहाव्या ते दहाव्या आठवड्यात त्या औषधाने बाळात व्यंग येऊ शकतं म्हणून पहिल्या तीन महिन्यांत दुसरं औषध देतात किंवा काही जणींचं बंदही करतात. थायरॉईडसाठी रेडिओ आयोडीन (किरणोत्सारी आयोडीनचा उपचार) घेतलं असेल तर त्यानंतर सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत.

रक्त दिसलं तर

थोडा डाग दिसणं म्हणजे मिसकॅरेजच असं नाही, पण फोन करा. तासाला एक पॅड भिजतंय, पोटात एका बाजूला असह्य दुखतंय, खांदा दुखतोय, चक्कर येतेय, यातलं काहीही असेल तर थायरॉईड बाजूला ठेवा आणि तडक हॉस्पिटल गाठा, गर्भ नळीत असेल तर जिवाशी खेळ आहे.

आणि झालंच मिसकॅरेज, तर गोळी बंद करू नका. दुःखात पहिली गोष्ट सुटते ती हीच, माझीही दहा-बारा दिवस सुटली होती. वाढवलेला डोस सहसा पूर्वीच्या डोसवर आणतात, तो डॉक्टरांना विचारून आणा, आणि सहा आठवड्यांनी टीएसएच करा. टीपीओ पॉझिटिव्ह असाल तर डिलिव्हरीनंतर जसा थायरॉईड बिघडू शकतो तसा मिसकॅरेजनंतरही बिघडू शकतो, त्यामुळे महिन्यांनंतरही खूप थकवा, धडधड, झोप नाही, सारखं रडू येतंय, असं असेल तर "मनावर घेतलंय तिने" एवढ्यावर सोडू नका, रक्त तपासा. मनावर तर असतंच, पण दोन्ही असू शकतं. एकापेक्षा जास्त वेळा असं झालं असेल तर टीएसएच आणि टीपीओ दोन्ही तपासून घ्या, सोबत बाकीच्या तपासण्याही, सगळं खापर थायरॉईडवर फोडून चालत नाही.

घरच्यांना एक सांगणं आहे. "गोळ्या खाल्ल्या म्हणून झालं", "ऑफिसला जात होती म्हणून झालं", "पपई खाल्ली असेल", हे तिच्यासमोर बोलू नका, तिच्यामागेही नका.

डिलिव्हरीनंतर

बाळ झालं की डोस प्रेग्नन्सीच्या आधी होता तिथे आणतात आणि सहा आठवड्यांनी टीएसएच. दूध पाजताना ही गोळी चालते. बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन त्याचाही टीएसएच ४८ ते ७२ तासांत करतात, तुमच्या हॉस्पिटलमध्ये नेहमी करत नसतील तर मागून घ्या, जन्मतः थायरॉईड कमी असेल तर लगेच औषध सुरू करून बाळाचा मेंदू वाचवता येतो. माझ्या लेकीचा तो रिपोर्ट आजही त्याच वहीत, माझ्या शेवटच्या आकड्याच्या खाली चिकटवलेला आहे.